५८५, ५०२ की ४००? इलेक्ट्रिक गाडीचा आपला आकडा आपणच काढावा

पेट्रोलची गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज किती देते?" इलेक्ट्रिक गाडीसमोर उभं राहिलं की तोच प्रश्न "रेंज किती?" असा होतो आणि समोरून एक भलामोठा आकडा येतो. तो मनात धरून माणूस गाडी घेतो, पहिल्याच रविवारी घरच्यांना घेऊन हायवेला लागतो, आणि शंभर किलोमीटर व्हायच्या आत त्याचं लक्ष रस्त्यावरून उडून बॅटरीच्या टक्क्यांवर खिळतं. गेल्या दोन वर्षांत माझ्या ओळखीतल्या तिघा-चौघांनी अशा प्रवासातून मला फोन केलाय. "अहो, फसवलं की यांनी आपल्याला!"

फसवलेलं नसतं. मिळालेला आकडा प्रयोगशाळेतल्या गाडीचा असतो आणि आपण तो आपल्या गाडीचा समजतो. आपल्या गाडीचा, आपल्या रस्त्यावरचा, आपल्या पायाखालचा आकडा दुसरं कुणी देऊ शकत नाही. तो काढायला एक रविवार आणि एक वही लागते.

आधी एकक पक्कं करा

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत सांगतात. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. ४५ किलोवॉट-तासांच्या बॅटरीत ४५ युनिटं मावतात. पेट्रोलचं ॲव्हरेज जसं लिटरला किती किलोमीटर, तसं इथे युनिटला किती किलोमीटर. हे एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं पाचवीचं गणित आहे. बऱ्याच गाड्यांच्या पडद्यावर हाच हिशेब उलटा दाखवतात, किलोमीटरला किती वॉट-तास. तिथे १५० दिसलं तर १००० भागिले १५०, म्हणजे युनिटला साधारण ६.७ किलोमीटर.

कागदावरचा आकडा कुठून आला ते बघा

आपल्याकडे गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये सगळ्यात ओळखीचं नाव एआरएआय. १९६६ सालची ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. सकाळी फिरायला जाणारे कोथरूडकर त्या भागाला एआरएआयची टेकडी म्हणूनच ओळखतात. जाहिरातीत "एआरएआय रेंज" लिहिलेलं असतं तेव्हा आकडा अशा चाचणीतून आलेला असतो.

या चाचणीत गाडी रस्त्यावर जात नाही. तिची चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे ती चालवतात. या आलेखाचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, लघुरूप एमआयडीसी. आपल्या औद्योगिक वसाहतीशी त्याचा काही संबंध नाही; भारतीय परिस्थितीसाठी थोडं बदललेलं ते एक जुनं युरोपीय चक्र आहे. त्याचे दोन भाग. पहिला शहराचा: ७८० सेकंद, थांबत-निघत, कमाल वेग ताशी ५० आणि सरासरी जेमतेम १९ किलोमीटर. दुसरा शहराबाहेरचा: ४०० सेकंद, कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. समोरून वारा नाही, घाट नाही, मागच्या सीटवर आजी-आजोबा नाहीत, डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत. बॅटरी दम सोडेपर्यंत तेच चक्र पुन्हा पुन्हा.

इथे एक गोष्ट नीट बघून ठेवा. बरीच वर्षं इलेक्ट्रिक कारची रेंज फक्त पहिल्या, शहरी भागावर मोजली जायची. २०२४ पासून दोन्ही भाग मिळून काढलेले आकडे दिसायला लागले. टाटांची कर्व्ह ईव्ही घ्या, ५५ युनिटांच्या बॅटरीची. ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची रेंज ५८५ किलोमीटर म्हणून सांगितली गेली. दोन्ही भाग धरल्यावर तिचीच रेंज ५०२ झाली. आणि कंपनी स्वतः सी७५ नावाचा आणखी एक आकडा देते, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल अशी रेंज; तो आहे ४०० ते ४२५. गाडी तीच, बॅटरी तीच, आकडे तीन. तिन्ही खरे, कारण मोजायची रीत प्रत्येक वेळी वेगळी. आपल्या अंदाजाखातर खुद्द कंपनीनेच छोटा आकडा जाहीर करावा हे मला फार मोलाचं वाटतं. नवख्या माणसाने हाताशी तोच धरावा.

म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना पहिला प्रश्न, "हा आकडा एका भागाचा की दोन्ही भागांचा?" जुनी माहितीपत्रकं आणि सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती यांत अजून एकाच भागाचे आकडे फिरतात. एका गाडीचा ५८५ आणि दुसरीचा ५०२ बघून पहिली सरस ठरवली, तर कदाचित आपण एकाच गाडीची तिच्याशीच तुलना करत असू.

परदेशातल्या नातेवाइकांशी बोलतानाही हा घोळ होतो. युरोपात २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी नावाची कडक पद्धत आहे. तिथे कमाल वेग ताशी १३१ पर्यंत जातो आणि सरासरी ४६ च्या पुढे. ह्युंदाईची आयोनिक ५ भारतात ७२.६ युनिटांच्या बॅटरीसह आली तेव्हा तिची रेंज ६३१ होती. तेवढ्याच बॅटरीच्या गाडीला युरोपात सुमारे ४८० मिळाले. अमेरिकेची ईपीए पद्धत आणखी हात आखडून आकडा देते. तेव्हा न्यू जर्सीतला भाचा आपल्या गाडीची रेंज कमी सांगत असेल तर त्याची गाडी वाईट असते असं नाही.

भागाकार करा

रेंज भागिले बॅटरी. कर्व्हचं करून बघू. ५८५ भागिले ५५ म्हणजे युनिटला १०.६ किलोमीटर. ५०२ चे ९.१. सी७५ च्या पट्ट्याचे ७.३ ते ७.७.

आता ताडून बघायला हे ढोबळ आकडे जवळ ठेवा. चार-साडेचार मीटरच्या एसयूव्ही घाटणीच्या गाडीला मोकळ्या शहरी रस्त्यावर युनिटला ८ ते ९ मिळतात. हायवेला ८० च्या स्थिर वेगात साडेसात-आठ. १०० ला सहा-साडेसहा. १२० ला पाचच्या आसपास किंवा त्याहून कमी. छोटी हॅचबॅक थोडी पुढे, मोठी सात जणांची गाडी बरीच मागे. कुणी युनिटला साडेदहा सांगत असेल तर तो शहरातला, बिनएसीचा, सावकाश चालवल्याचा आकडा आहे हे बाकी काही न वाचता कळतं.

वेग, एसी, घाट: कोण किती खातं

पेट्रोल गाडीवर वाढलेल्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते: हायवेला ॲव्हरेज वाढतं. इलेक्ट्रिकला नेमकं उलटं. पेट्रोलचं इंजिन सिग्नलला उभं राहूनही पेट्रोल जाळतं, आणि हळू चालवलं की त्याची कार्यक्षमता ढासळते, म्हणून शहरात ते मार खातं. मोटर उभी असताना काहीच खात नाही, आणि पाय उचलला की तीच जनित्र होऊन थोडी वीज बॅटरीत परत टाकते. त्यामुळे शहर हे इलेक्ट्रिकचं माहेर. हायवेला मात्र पाय सतत दाबलेला, परत मिळणं जवळजवळ शून्य, आणि समोर हवा.

ही हवाच खरी खाणारी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण हवेवर होणारा किलोमीटरमागचा खर्च दीडपटीहून थोडा जास्त. १२० ला तो ८० च्या सव्वादोनपट. समृद्धी महामार्गावर सपाटीला कारला ताशी १२० ची परवानगी आहे, आणि रस्ता इतका सरळ आहे की वेग जाणवतही नाही. चाचणी मात्र ९० लाच थांबलेली असते. त्या रस्त्यावर कागदाच्या निम्म्यानेच रेंज मिळाली म्हणून बॅटरीला दोष देऊ नका. २० ने वेग कमी करून बघा, गाडी लगेच वेगळी वागायला लागते. छतावर कॅरिअर लावून त्यावर बॅगा बांधल्या असतील तर हाच विरोध आणखी वाढतो. सामान डिकीत कोंबा.

एसीचा हिशेब लोकांच्या मनात अगदी उलटा असतो. भर उन्हाळ्यात एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. लक्षात घ्या, तासाला. हायवेला तासात ९० किलोमीटर होतात, तेव्हा ते एक युनिट ९० किलोमीटरांवर वाटलं जातं आणि कळतही नाही. हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत तासात १५ किलोमीटर होतात. तिथे तेच युनिट १५ किलोमीटरांवर पडतं. बिनएसीचे युनिटला ९ देणारी गाडी तिथे सहाच्याही खाली येते. म्हणून "शहरात तर चांगली द्यायला हवी होती" असं कुणी म्हणालं की मी आधी त्याचा सरासरी वेग विचारतो. उलट, घाटात तासभर अडकलात तर घाबरू नका. एसी चालू ठेवून उभ्या गाडीत तासाला एक-दीड युनिट जातं, ४५ च्या बॅटरीत दोन-तीन टक्के.

आता घाट. पहिल्यांदा खंडाळ्याचा घाट चढताना नवख्या चालकाचा चेहरा मी शेजारी बसून पाहिलाय. खोपोलीला ६४ टक्के, आणि वळणावळणाला एकेक टक्का गळतोय. पडद्यावर त्या क्षणाचं ॲव्हरेज युनिटला दोन-तीन दाखवतंय. तो मला म्हणाला, "काका, लोणावळ्यापर्यंत तरी पोचू ना?" आम्ही गाडी बाजूला न घेता तोंडी हिशेब केला. खोपोलीहून लोणावळा साडेपाचशे मीटर उंच. माणसं-सामान धरून गाडी १,९०० किलो. एवढं वजन एवढं वर उचलायला भौतिकशास्त्राप्रमाणे सुमारे २.८५ युनिटं लागतात, मोटरमधली घट धरून सव्वातीन. नेहमीचं चालणं सोडून घाटाने जादा खाल्लं ते एवढंच, आमच्या बॅटरीचे सात टक्के. चढ संपला, तळेगावच्या बाजूला रस्ता सपाट झाला, आणि आकडा स्थिरावला. घाट भरमसाट खातो हे खरं, पण त्याची एक ठरलेली फी आहे, आणि ती निघायच्या आधी काढता येते: दर १०० मीटर चढाला अशा गाडीचं साधारण ०.६ युनिट.

उतरताना त्यातलं निम्म्याहून अधिक परत मिळतं, पण बॅटरीत जागा असली तरच. लोणावळ्याच्या मुक्कामी १०० टक्के चार्ज करून मुंबईकडे उतरायला लागलात तर वीज ठेवायला जागाच नसते. गाडी मोटरने कमी थांबते आणि नेहमीच्या ब्रेकवर भार येतो. तिथून निघताना ८५-९० वर थांबवलेलं बरं.

बाकी किरकोळ: टायरमधली हवा गार असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. पाऊस आणि पाणी साचलेला रस्ता थोडं खातात. समोरचा वारा बरंच खातो. आपल्याकडची थंडी फार काही करत नाही. कॅनडात किंवा नॉर्वेत राहणाऱ्यांना मात्र हीटरचा हिशेब वेगळा धरावा लागतो.

आपली चाचणी: एक रविवार

हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून घाई करू नका.

येऊन-जाऊन दीडशे ते दोनशे किलोमीटरचा, शक्यतो सपाट रस्ता निवडा. मी सोलापूर रस्त्याने भिगवणला जातो. पुण्यातून शंभरेक किलोमीटर, घाट नाही, दुपारी मासे खायचे आणि परत. त्याच रस्त्याने परत यायचं हे महत्त्वाचं, कारण जाताना उतार किंवा पाठीचा वारा मिळाला तर येताना तो उलटा होतो आणि हिशेब समतोल राहतो. एकाच दिशेने मोजलेला आकडा कुणाला सांगूही नये.

आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरा. बरेच दिवस अर्धवट चार्जिंग केलं असेल तर टक्क्यांचा अंदाज थोडा सरकलेला असतो, विशेषतः एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत. पूर्ण भरल्याने तो जागेवर येतो. सकाळी हवा तपासा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. एसी नेहमीसारखा, माणसं नेहमीची, वेग नेहमीचा. आकडा चांगला यावा म्हणून हळू चालवलंत तर नुकसान तुमचंच. वहीत निघतानाची टक्केवारी, किलोमीटर, वेळ आणि बाहेरचं तापमान लिहा. मध्ये चार्जिंग करू नका.

माझ्या वहीतलं एप्रिलमधलं पान असं आहे. बॅटरी ४५ युनिटांची. निघताना १०० टक्के, परत आल्यावर ३५. धाव २०४ किलोमीटर. चौघं जण, एसी पूर्णवेळ, वेग बहुतेक ८५ ते ९५. वापरले ६५ टक्के. २०४ भागिले ६५ गुणिले १०० म्हणजे ३१४. ही माझ्या गाडीची उन्हाळ्यातली हायवे रेंज. ४५ चे ६५ टक्के म्हणजे २९.२५ युनिटं, २०४ ला त्याने भागलं की युनिटला जवळपास ७. निम्म्याहून कमी बॅटरी वापरून काढलेला आकडा डळमळीत असतो. दहा टक्क्यांत तीस किलोमीटर झाले म्हणून तीनशे धरू नका. त्या दहात एखादा टक्का इकडचा तिकडे झाला तरी उत्तर तीस किलोमीटरने हलतं.

शहराचा आकडा वेगळा काढा. तिथे एका दिवसात होत नाही. आठवडाभर ऑफिसची ये-जा करा, मध्ये चार्ज न करता, आणि तोच भागाकार.

गाडी अजून घेतली नसेल तर शोरूमच्या मागच्या गल्लीत पाच किलोमीटरची टेस्ट ड्राइव्ह या कामाला निरुपयोगी आहे. तासाभराची मागा, हायवेला न्या, ट्रिप मीटर शून्य करून घ्या आणि शेवटी पडद्यावरचा वॉट-तासांचा आकडा वहीत उतरवा. त्यापेक्षा उत्तम म्हणजे तेच मॉडेल एका दिवसासाठी भाड्याने घेणं. पंधरा-वीस लाखांच्या खरेदीआधी तो खर्च अगदी योग्य आहे.

एक सूचना. घरच्या मीटरवर जास्त युनिटं पडलेली दिसतील. चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते. खर्च काढताना मीटरची युनिटं घ्या, रेंज काढताना बॅटरीची.

रेंज आणि कामाची रेंज

३१४ म्हणजे शंभरापासून शून्यापर्यंत. शून्यापर्यंत कुणी जात नाही, जाऊही नये. मी १० टक्के कायम राखून ठेवतो. घरून १०० वर निघालो तर पहिल्या टप्प्याला ९० टक्के मिळतात, म्हणजे २८२ किलोमीटर. पुढच्या टप्प्यांचं गणित आणखी आखूड. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग फार मंदावतो, त्यामुळे वाटेत ८० ला उठणं शहाणपणाचं. १० ते ८० म्हणजे ७० टक्के, २२० किलोमीटर. लांबच्या प्रवासाची आखणी या दोन आकड्यांवर करा: पहिला टप्पा २८०, पुढचे २२०-२२० चे. कागदावर चार-पाचशे बघून "एका चार्जमध्ये जाऊ" म्हणणाऱ्याला हे थोडं लागतं, पण चहा-नाश्त्याला आपण तसेही दोन-अडीच तासांनी थांबतोच.

पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. २८२ मध्ये बसतं, खंबाटकी घाटाची फी भरूनही. पण पोचल्यावर हातात पंचवीसेक टक्के उरणार, म्हणजे परतीसाठी चार्जिंग कोल्हापुरातच करावं लागणार. तेव्हा मुक्कामाचं हॉटेल ठरवताना "चार्जर आहे का" एवढं विचारून थांबू नका. "चालू आहे का, आणि रात्रभर लावू द्याल का" हेही विचारा. मला एकदा एका हॉटेलात चार्जरसमोर लग्नाची बस उभी सापडली होती. चालकाला शोधून बस हलवेपर्यंत रात्रीचे बारा वाजले. वाटेतल्या चार्जरचंही तसंच. ज्याच्या भरवशावर जाताय त्याच्या आधी किंवा नंतर, राखीव टक्क्यांत पोचता येईल असा दुसरा चार्जर मनात हवाच.

डॅशबोर्डवर दिसणारे "उरलेले किलोमीटर" हा गाडीने मागच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो. आठवडाभर शहरात फिरून हायवेला लागलात तर तो भरपूर दाखवतो आणि मग भराभर उतरतो. घाट चढून आल्यावर उगीच घाबरवतो. प्रवासात नजर टक्क्यांवर ठेवा आणि मनात एकच गुणाकार: माझ्या गाडीला एका टक्क्यात तीन किलोमीटर. ४० टक्के उरलेत, १० राखीव, ३० गुणिले ३, नव्वद. पुढचा चार्जर साठवर आहे. चला.

वहीतलं ते पान फाडू नका. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच रस्त्याने, त्याच माणसांना घेऊन, तेवढ्याच वेगात पुन्हा जा. बॅटरी वर्षाकाठी थोडी थोडी उतरते, आणि किती उतरली हे सर्व्हिस सेंटरच्या तोंडी उत्तरापेक्षा या दोन पानांतल्या फरकातून जास्त नीट कळतं. माझ्या वहीत भिगवणची तीन पानं झाली आहेत.